व्हॅलेंटाइन, कापूस आणि मंगळवारचा फोन

‘चौदा फेब्रुवारीला तू मलकापूरला चाललीयेस? सीरियसली?’ रूममेटने विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचे भाव असे, की मी मलकापूरला नाही, मंगळावर निघालेय. तिचं बरोबरच होतं म्हणा. मागच्याच आठवड्यात याच पानावर मी टेबल बुकिंग, गुलाबांचे रेट आणि ‘सिंगल असण्याचे फायदे’ यावर एवढं लेक्चर झाडलं होतं. आणि आता ऐन सीझनमध्ये मी विदर्भ एक्स्प्रेसच्या साइड अपरवर!

पण आजोळ ते आजोळ. मामाचा फोन आला होता. ‘कापूस विकाले काढायचाय, ते मोबाइलवरचं रजिस्ट्रेशन मले जमून नाई राहिलं, तू ये.’ मास कॉमची डिग्री घेतलेल्या भाचीचा घरात एवढा एकच उपयोग शिल्लक राहिलाय, तेव्हा जाणं भागच होतं. मध्यरात्र उलटून गेल्यावर मलकापूर स्टेशनवर उतरले आणि सकाळी चौकात चहा प्यायला आले, तर तिथे दोन प्रकारची गर्दी दिसली. फुलवाल्याकडे कॉलेजची पोरं एकेक गुलाब घेत होती, किंमत विचारून एकमेकांकडे बघत होती. त्याच फुलवाल्याकडून दोन माणसं झेंडूचे हार घेऊन गेली. फोटोला घालायचे हार.

मग आठवलं. २०१९ ची १४ फेब्रुवारी. पुलवामा. सीआरपीएफच्या ताफ्यावर हल्ला झाला, ४० जवान गेले. त्या चाळिसांत दोघे एकट्या बुलढाणा जिल्ह्याचे. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचे नितीन राठोड. मुंबईत आपण त्या संध्याकाळी काय करत होतो? खरं सांगायचं तर मी एका कॅफेत बसले होते. टीव्हीवर आकडा वाढत होता, आणि शेजारच्या टेबलवर कुणीतरी वेटरला म्हणालं, ‘चॅनेल बदला ना जरा, मूड ऑफ होतोय.’ मी काहीच बोलले नाही. माझाही मूड ऑफ होत होता ना.

मलकापुरात चॅनेल बदलायची सोय नव्हती.

तर मंडळी, आजचा विषय जड आहे, आधीच सांगून ठेवते. भारत आणि पाकिस्तान पुन्हा बोलतील का? बोलावं का? तुम्ही म्हणाल, हा काय लाइफस्टाइलचा विषय आहे का? ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्या घराची लाइफस्टाइल याच विषयावर चालते. रोज.

कापसाची खोली

मामाच्या घरात एक खोली माणसांची नसते, कापसाची असते. डिसेंबरपासून भरत जाते. लहानपणी आम्ही पोरं त्या ढिगात उड्या मारायचो आणि मग रात्रभर अंग खाजवत बसायचो. यंदाही खोली छतापर्यंत भरलेली. भाव वाढेल, या आशेवर. सरकारचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. तो मिळायचा तर ॲपवर नोंदणी, सातबारा, मग सीसीआयच्या केंद्रावर नंबर, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. तेवढं जमलं नाही तर व्यापारी म्हणेल तो भाव.

नोंदणी करता करता मामा म्हणाला, ‘पोरी, तू पेपरात लिवते नं? मंग एक सांग मले. आपला कापूस पाकिस्तानात जाये म्हणतात. तो काहाले बंद केला?’

मी हसले. आणि मग लक्षात आलं, हा प्रश्न कुठल्याही प्राइम टाइम डिबेटपेक्षा सरळ आहे.

उत्तर असं. २०१८-१९ मध्ये भारताने पाकिस्तानला साधारण दोन अब्ज डॉलरचा माल विकला. त्यात वरच्या नंबरावर कापूस होता. तिकडच्या कापड गिरण्यांना कापूस लागतो, त्यांचं स्वतःचं पीक पुरत नाही. आपल्याला जवळचं गिऱ्हाईक, त्यांना जवळचं दुकान. पुलवामानंतर भारताने दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानचा ‘मोस्ट फेवर्ड नेशन’ दर्जा काढला आणि तिकडून येणाऱ्या मालावर २०० टक्के ड्युटी लावली. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा रद्द झाल्यावर पाकिस्तानने त्यांच्या बाजूने व्यापारच थांबवला. खेळ खल्लास.

पण थांबा. स्टोरीत एक ट्विस्ट आहे, आणि तो फार कुणाच्या लक्षात नाही. ३१ मार्च २०२१ ला पाकिस्तानच्या आर्थिक समन्वय समितीने भारतातून कापूस, सूत आणि साखर आणायला परवानगी दिली. त्यांच्या गिरण्या माल मागत होत्या. बातमी जाहीर झाली, व्यापाऱ्यांचे फोन खणखणले असतील. आणि दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, त्यांच्या मंत्रिमंडळाने तो निर्णय बाजूला ठेवला. आधी काश्मीरवरचा निर्णय मागे घ्या, मग कापूस! तारीख बघा फक्त. एप्रिल फूल.

मी मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हंजे एकच दिवस दुकान उघडलं व्हतं?’ हो, मामा. एकच दिवस. तेही फक्त कागदावर.

आता प्रामाणिकपणे सांगते, पाकिस्तानला कापूस गेला की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं भलं होईल, एवढं सोपं गणित नाही. भाव जगाच्या बाजारात ठरतो. मामाच्या शेतातलं बोंड कुठे जातं, ते गाठीवर लिहिलेलं नसतं. पण बाजारात एक गिऱ्हाईक जास्त असणं आणि एक कमी असणं, यातला फरक कापसाच्या खोलीत झोपणाऱ्याला कळतो. आणि लढाई आणि कापूस हे नातं आपल्या भागाला नवीन थोडंच आहे? १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही जेमतेम १३ किलोमीटरची रेल्वे टाकली गेली, तीही या कापसासाठीच. सातासमुद्रापलीकडच्या लढाईने इथली घरं वर-खाली झाली. कराची तर शेजारी आहे. नकाशा काढून बघा, मुंबईहून दिल्लीपेक्षा कराची जवळ! सिंध तर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीतल्या एका जुन्या नामांकित शाळेला आजही एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे, नारायण जगन्नाथ वैद्य यांचं. १८५५ ची शाळा. आजही चालू.

टोळांना व्हिसा लागत नाही

आता एक फंडू गोष्ट सांगते. आमचा मामा पाकिस्तानातून आलेल्या पाहुण्यांबद्दल एकदाच पोटतिडकीने बोललाय. ते पाहुणे म्हणजे टोळ. मे २०२० आठवतोय? आपण सगळे लॉकडाऊनमध्ये डाल्गोना कॉफी घुसळत होतो, आणि इकडे पाकिस्तानातून राजस्थान, तिथून मध्य प्रदेश करत टोळधाड विदर्भात घुसली. अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत संत्र्याच्या बागांवर टोळ बसले. बुलढाण्यातले शेतकरी डबे, थाळ्या हाताशी घेऊन आभाळाकडे बघत होते.

तर या टोळांमुळे दोन देशांचे अधिकारी वर्षानुवर्षं भेटत आलेत, हे मला हा लेख लिहायला बसेपर्यंत माहीत नव्हतं. राजस्थानातलं मुनाबाव आणि पलीकडचं खोखरापार. जून ते नोव्हेंबर या टोळांच्या हंगामात दोन्हीकडचे टोळनियंत्रणवाले सीमेवर भेटायचे. कुठे अंडी घातलीत, कुठे थवा उठलाय, वारा कुठला, याची देवाणघेवाण. ज्या २०१९ मध्ये पुलवामा झालं, बालाकोट झालं, व्यापार बंद पडला, त्याही वर्षी या बैठका झाल्या. कॅमेरे नाहीत, मिठ्या नाहीत, ‘ऐतिहासिक’ वगैरे काही नाही. कारण टोळांचा प्रश्न साधा आहे. त्यांनी सांगितलं नाही तर आपलं पीक जातं, आपण सांगितलं नाही तर त्यांचं.

बोलणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती विमानातून उतरणारी मोठी माणसं. टोळवाले येत नाहीत. पण टिकतात बहुतेक वेळा टोळवालेच.

फेब्रुवारीचं कॅलेंडर

मोठ्या माणसांचं काय झालं, तेही बघू. मजा म्हणजे या महिन्याचं कॅलेंडर उघडलं तरी अर्धा इतिहास निघतो.

२० फेब्रुवारी १९९९. वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले. दुसऱ्या दिवशी लाहोर जाहीरनामा. काही महिन्यांतच कारगिल. बसमधल्या पाहुण्यांचा पाहुणचार चालला असताना डोंगरावर घुसखोरीची तयारी चालली होती, हे नंतर कळलं. हा घाव आपल्याकडचं कुणी विसरलेलं नाही, आणि विसरूही नये.

१८ फेब्रुवारी २००७. समझौता एक्स्प्रेसमध्ये स्फोट, ६८ माणसं गेली, त्यातली बरीचशी पाकिस्तानी. दोनच दिवसांनी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला यायचे होते. वाटलं, आता दौरा रद्द. नाही झाला. ते आले, आणि २१ फेब्रुवारीला अण्वस्त्रांच्या अपघाताचा धोका कमी करण्याचा करार झाला. त्या काळात म्हणजे २००४ पासून ‘संवाद प्रक्रिया’ अशी चालली होती, की २००५ मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली, ऑक्टोबर २००८ मध्ये नियंत्रण रेषेवरून ट्रकने व्यापारही. आणि महिन्याभरात २६/११. आपल्या मुंबईत. सीएसटीला जे घडलं, त्याच सीएसटीहून मी परवा रात्री गाडी पकडली. त्या बोलण्यांचं पुढे काय झालं हे वेगळं सांगायला नको.

१४ फेब्रुवारी २०१९, पुलवामा. २६ फेब्रुवारी २०१९, बालाकोट.

आणि २५ फेब्रुवारी २०२१. ही तारीख कुणाला आठवते? मला नव्हती. त्या दिवशी दोन्ही देशांच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवाईच्या प्रमुखांनी, एक छोटंसं संयुक्त निवेदन काढलं. नियंत्रण रेषेवर गोळीबार थांबवायचा, झालेले सगळे करार पाळायचे. बस्स. शिखर परिषद नाही, फोटो नाही. आता आकडा ऐका. सरकारनेच संसदेत दिलेला. २०२० या एका वर्षात शस्त्रसंधी मोडल्याच्या घटना होत्या ५,१३३. दिवसाला चौदा! त्या निवेदनानंतर त्या अगदी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आणि ही शांतता चार वर्षं टिकली.

हे आकडे मी गावातल्या एका निवृत्त सुभेदार काकांना ऐकवले. मामाच्या पारावरचे रोजचे मेंबर. ते म्हणाले, ‘आकडा नको सांगू. मी २००३ ले तिथंच होतो.’ २६ नोव्हेंबर २००३ ला अशीच शस्त्रसंधी झाली होती, ईदच्या सुमारास. ‘पहिल्या रात्री कोणाले झोपच नाई आली,’ काका म्हणाले. ‘आवाज नाई तं झोप कशी येईन? आम्ही बसून राहिलो. चार-सहा दिवसांनी पाह्यलं तं खालच्या गावातला एक म्हातारा तारेपर्यंत नांगर घेऊन आला. तीन वर्षं पडीक होतं म्हणे ते वावर.’ मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, ‘तेवढं एक वावर पेरलं गेलं. बाकी मले राजकारणातलं काही समजत नाई.’

पाच मिनिटं तीस सेकंद

पण मामाच्या घरात एक माणूस या सगळ्याशी अजिबात सहमत नाही. माझा मामेभाऊ. वय एकोणीस. पहाटे पाच वाजता नांदुरा रोडला पळायला जातो. एकटा नाही, पंधरा-वीस पोरं असतात. अग्निवीरची भरती. १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत पळायचंय, म्हणजे पूर्ण मार्क. हा पठ्ठ्या एकदा नऊ सेकंदांनी मागे राहिलाय. आता मोबाइलला हात लावत नाही, रात्री साडेनऊला झोपतो. आपल्यापैकी किती जण कशासाठी तरी असे झोपतो?

मी त्याला म्हटलं, ‘बोलणी सुरू व्हायला हवीत असं मला वाटतं.’

‘ताई, बोलून काय होते? इथून हार घालून पाठवतात आन् तिकडून पेटी येते. त्यांचं सरकार एक बोलते, लष्कर दुसरं करते. बोलायचं कोणासंग?’

खरं सांगू? याला माझ्याकडे सॉलिड उत्तर नव्हतं. प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. पाकिस्तानात निवडून आलेल्या पंतप्रधानाशी हात मिळवला तरी चावी रावळपिंडीत, लष्कराच्या मुख्यालयात असते. २५ डिसेंबर २०१५ ला आपले पंतप्रधान अचानक लाहोरला उतरले, नवाझ शरीफांच्या घरी गेले. आठवडाभरात, २ जानेवारी २०१६ ला, पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला. अशा वेळी ‘चला, पुन्हा बोलू या’ म्हणणारा माणूस भोळा तरी वाटतो, नाहीतर येडा.

मग २०२५ आलं. २२ एप्रिल, पहलगाम. २६ माणसं, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्राची. फिरायला गेलेली, आपण जातो तशी. भारताने दुसऱ्याच दिवशी सिंधू जलकरार स्थगित केला. १९६० चा तो करार, जो तीन युद्धांत टिकला होता. अटारीचं गेट बंद. उरलासुरला व्यापार, तिसऱ्या देशामार्गे होणारासुद्धा, दोन्हीकडून बंद. ७ मे, ऑपरेशन सिंदूर. मग चार दिवस क्षेपणास्त्रं, ड्रोन, तोफा. पूंछमध्ये घरांवर, गुरुद्वारावर गोळे पडले, साधी माणसं मेली.

ते चार दिवस मी मुंबईत होते. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीम्सचा पूर आला होता. एकाने नकाशा टाकला, त्यात कराची बंदर उद्ध्वस्त. खोटा होता, पण लाइक्स चिक्कार. कुणी ‘आज रात्री पॉपकॉर्न’ असं स्टेटस टाकलं. मीही दोन मीम्स फॉरवर्ड केले, लपवत नाही. रात्री मामीचा फोन आला. तिच्या माहेरच्या शेजारणीचा मुलगा बीएसएफमध्ये आहे, जम्मूकडे. दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. ती बाई रात्रभर ओट्यावर बसून होती, टीव्ही बंद करून. मामीला म्हणाली होती, ‘टीव्हीवाले ओरडले का मले वाटते, माह्याच पोराचं नाव घेऊन राहिले.’ मामी मला विचारत होती, ‘तू तं पेपरवाली हाय, तुले माहीत असंन. तिकडं काय चालू हाय?’

मला काहीही माहीत नव्हतं. मी पॉपकॉर्नवाल्या ग्रुपमधली होते.

१० मे, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओने आपल्या डीजीएमओला फोन केला. ठरलं, संध्याकाळी ५ पासून गोळीबार बंद. त्या रात्रीही ड्रोन दिसले, पण दोन दिवसांत सीमा शांत झाली. शेजारणीच्या मुलाचा फोन रविवारी आला. दीड मिनिट बोलला म्हणे. त्यातला एक मिनिट तो नुसता ‘आई, रडू नको’ म्हणत होता.

मंगळवारचा फोन

आता येते मुद्द्यावर. तो शनिवारचा फोन आभाळातून पडला नाही. डीजीएमओंच्या कार्यालयांमधली ही हॉटलाइन वर्षानुवर्षं आहे. एरवी दर मंगळवारी त्यावर दोन्हीकडचे अधिकारी बोलत आलेत. काय बोलतात? बहुतेक वेळा रटाळ. अमुक ठिकाणी गुरं चुकून आली, तमुक ठिकाणी गोळी सुटली, बघा जरा. ऑफिसातल्या सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगसारखंच प्रकरण. कुणाला आवडत नाही, पण जिथे ती होते तिथे निदान शुक्रवारी बॉम्ब फुटत नाही. ज्या दिवशी सगळं पेटलं, त्या दिवशी नंबर नवीन शोधावा लागला नाही, तो याच कंटाळवाण्या सवयीमुळे.

म्हणजे बोलण्याचे तीन मजले आहेत, असं मला या प्रवासात वाटायला लागलं. सगळ्यात वरचा मजला शिखर परिषदांचा. ताश्कंद १९६६, सिमला १९७२, लाहोर १९९९, आग्रा २००१. त्या मजल्यावर सध्या कुलूप आहे आणि ते लवकर उघडेल असं मला वाटत नाही. दहशतवाद आणि चर्चा एकत्र नाही, ही भारताची भूमिका आहे, आणि मलकापूरच्या चौकात उभं राहून तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही.

मधला मजला कामाच्या गोष्टींचा. व्यापार, पाणी, व्हिसा, बस, टोळ. इथलेही बहुतेक दिवे एप्रिल २०२५ मध्ये गेले.

आणि तळमजला. तो चालू आहे! १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही असा करार १९८८ मध्ये झाला, आणि १९९२ पासून एकही वर्ष ही यादी चुकलेली नाही. कारगिलनंतर नाही, २६/११ नंतर नाही, पुलवामानंतरही नाही. तसंच वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, कैद्यांच्या याद्या. ऑपरेशन सिंदूरला दोन महिनेही झाले नव्हते, तरी १ जुलै २०२५ ला याद्या दिल्या-घेतल्या गेल्याच. पाकिस्तानच्या यादीत भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे १९३ मच्छीमार होते. मासे पकडताना समुद्रातली रेघ दिसली नाही म्हणून आत गेलेले. आपल्या पालघरचे मच्छीमारही असे कराचीच्या तुरुंगात अडकत आलेत. त्यांच्या बायकांसाठी ती यादी म्हणजे नवरा जिवंत असल्याचा कागद.

तर शांततेची शक्यता किती? वरून मोजली तर शून्य. खालून मोजली तर शून्य नाही. आणि मला वाटतं ती खालूनच मोजायला हवी. पहिल्यांदा मंगळवारचा फोन, मग कैदी, मग टोळ आणि औषधं, मग कधीतरी कापूस. शिखर परिषद सगळ्यात शेवटी. आपण नेहमी उलटं करत आलो. आधी मिठी, मग हिशेब. मग एक हल्ला झाला की मिठीही गेली आणि हिशेबही.

यात एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. फोन चालू ठेवणं म्हणजे माफ करणं नाही. पाकिस्तानातल्या दहशतवादी तळांवर कारवाई हवी, हल्लेखोरांना शिक्षा हवी, त्यात सूट नाही. पण शिक्षा मागायलाही कुणीतरी ऐकणारा लागतो. भांडण झालेले दोन भाऊसुद्धा बांधावरच्या पाण्याच्या पाळीपुरतं बोलतात. तोंड न बघता, नाव न घेता. वऱ्हाडात अशी घरं ढिगाने आहेत. पाळी चुकली तर दोघांचंही पीक वाळतं, एवढं त्यांना कळतं.

मी त्या दोन शहिदांच्या घरी गेले नाही. पत्रकार म्हणून जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. दर १४ फेब्रुवारीला कुणीतरी माइक घेऊन त्यांच्या दारात उभं राहतंच. ‘आपल्याला काय वाटतं, बोलणी व्हावी का?’ हे त्यांना विचारायचं? हा प्रश्न त्यांचा नाही. तो आपला आहे. आपण, जे क्रिकेटच्या मॅचला ओरडतो, २०२५ च्या आशिया कपमध्ये कॅप्टननी हात मिळवले नाहीत यावर आठवडाभर वाद घालतो, आणि ज्यांच्या घरातलं कुणीच सीमेवर नाही. युद्ध हवं म्हणायचा खर्च आपल्याला सगळ्यात कमी येतो. म्हणून आपण जरा जपून बोलावं, एवढंच.

परतीच्या दिवशी पहाटे मामेभावाबरोबर मीही रस्त्यावर गेले. पळायला नाही हो, स्टॉपवॉच धरायला! अंधारात पंधरा-वीस पोरं निघाली. दोन्हीकडे पऱ्हाटीची वावरं, अर्धी उपटलेली. पोरं परत आली, भाऊ सगळ्यात पुढच्या चौघांत. मी बटण दाबलं. ५ मिनिटं २७ सेकंद.

‘किती?’ त्याने गुडघ्यांवर हात ठेवत विचारलं.

आकडा सांगितला. तो असा हसला, की मलाही हसू आलं. त्याला मिठी मारली, घामाघूम झाले. मामी घरी पेढे वाटत सुटली. मामा मात्र कापसाच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याने विचारलं, ‘बसला का टायमात?’ मी ‘हो’ म्हटलं. त्याने मान डोलावली आणि आत जाऊन उगाचच कापूस खालीवर करायला लागला.

रजिस्ट्रेशन झालंय. सीसीआयचा नंबर लागला की मामाचा कापूस जाईल. भावाची भरती झाली की तोही जाईल, कुठे ते सरकार ठरवेल. मी पुन्हा मुंबईत, लॅपटॉपसमोर. पुढच्या आठवड्यात हलकंफुलकं काहीतरी लिहीन, प्रॉमिस.

फक्त हल्ली मंगळवार आला की मनात येतं, आज तो फोन झाला असेल ना?